बलून डेकोरेशनचा रेट कसा काढायचा? नेहमी विचारले जाणारे सगळे प्रश्न

घरून बलून डेकोरेशन सुरू केलेल्या बऱ्याच ताया आणि दादा मला तेच तेच प्रश्न विचारतात, त्यामुळे सगळं एकाच ठिकाणी लिहून ठेवतेय. माझी कामं पुण्यातली आणि आसपासची, म्हणजे बारसं, पहिला वाढदिवस, डोहाळेजेवण, शोरूमचं ओपनिंग, मॉल. खाली जिथे रुपये लिहिलेत ते हिशोब कळावा म्हणून धरलेले आकडे आहेत, तुमच्या गावातले भाव टाकून तोच हिशोब परत करा.

"फुगा तीन रुपयाला मिळतो, मग कमानीचे पाच हजार कसले?" असं क्लायंट म्हणाला तर काय सांगायचं?

खरं आहे ते सांगायचं. फुगे हा या कामातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. खाली एक पूर्ण हिशोब दिलाय, त्यात फुग्यांचा खर्च एकूण बिलाच्या पंधरा टक्के सुद्धा नाही. बाकीचे पैसे जातात माणसांच्या तासांना, गाडीला, स्टँडला आणि दुसऱ्यांदा उतरवायला जावं लागतं त्याला. क्लायंटला हे दिसत नाही कारण तो हॉलवर येतो तेव्हा सगळं लावून झालेलं असतं आणि तो घरी जातो तेव्हा आपण उतरवायला सुरुवात करतो. म्हणून मी कोटेशनमध्ये वेळ लिहिते: "दोन माणसं, सेटअपला दोन तास, उतरवायला एक तास". एवढी एक ओळ लिहिली की निम्मी घासाघीस बंद होते, खरंच करून बघा.

रेट फुग्यावर लावायचा की फुटावर?

दोन्ही वापरतात लोक. फुग्यावर रेट लावला तर क्लायंट फुगे मोजायला बसतो, आणि एक १८ इंची फुगा आणि एक ५ इंची फुगा हे दोन्ही "एक" धरायचे का यावर भांडण होतं. फुटावरचा रेट समजायला सोपा आहे पण तो फक्त मोठ्या कामाला नीट बसतो. लहान कामाला फुटाचा रेट लावलात तर तोटा नक्की, कारण सहा फुटांचं गार्लंड (फुग्यांची जाड माळ) असो की बारा फुटांचं, हडपसरहून बाणेरला जायला तेवढाच वेळ लागतो आणि गाडी तेवढेच पैसे घेते.

मी तासांवर काढते आणि क्लायंटला एकच आकडा सांगते. फुटाचा रेट मनात ठेवायचा तो फक्त पडताळणीसाठी, फोनवर पटकन अंदाज द्यायचा असेल तर.

कमानीला किती फुगे लागतील हे आधी कसं कळणार?

आधी लांबी मोजा. इथे नवीन माणूस हमखास फसतो. क्लायंट म्हणतो "बारा फूट रुंद, नऊ फूट उंच कमान पाहिजे" आणि आपण बारा फूट धरून बसतो. कमानीची लांबी म्हणजे तिच्या वळणाची लांबी, आणि बारा बाय नऊची कमान वळणावरून मोजली तर जवळजवळ २४ फूट भरते. अंदाज येत नसेल तर हॉलच्या किंवा घरातल्या जमिनीवर खडूने खुणा करा, दोरी टाका आणि दोरी मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

मग फुगे. चार-चारच्या गुच्छांची सरळ स्पायरल कमान असेल, १० इंची फुगा ९ इंच फुगवलेला, तर एका फुटाला साधारण दोन गुच्छ म्हणजे आठ फुगे बसतात. म्हणजे २४ फुटाला १९२, त्यात दहा टक्के फुटणार, लहानमोठे निघणार, म्हणून २१० घेऊन जा. हल्ली सगळ्यांना हवं असतं ते ऑरगॅनिक गार्लंड, त्यात ५ इंची, १० इंची, १८ इंची असे मिसळून लावतो, तिथे फुटाला बारा ते पंधरा धरा. एका थराची भिंत असेल तर चौरस फुटाला दोनेक फुगे, गुच्छांची भिंत असेल तर दुप्पट.

एक तरी काम पूर्ण हिशोबासकट दाखवा ना?

बारशाचं घेऊ. सोसायटीचा क्लब हाऊस, बारा फुटांचं पेस्टल ऑरगॅनिक गार्लंड, मागे पडदा, नावाचा निऑन (उजेडाची पाटी).

पेस्टल १० इंची ११० नग, ३ रुपये धरले तर ३३०. ५ इंची ५५ नग, दीड रुपयाने ८२. १८ इंची ८ नग, २५ ने २००. क्रोम (धातूसारखे चमकणारे) २० नग, ६ ने १२०. झाले साधारण ७३०. बलून टेप, ग्लू डॉट (दोन्हीकडून चिकटणारे ठिपके), तंगूस (नायलॉनचा दोरा), हुक यांचे १२०. मटेरियल ८५०.

आता माणसं. दोघं. फुगे भरून जोड्या बांधायला दीड तास, लावायला दोन तास, जायला यायला मिळून दीड तास, रात्री उतरवायला एक तास, सामान चढवणं उतरवणं अर्धा तास. झाले साडेसहा तास, दोघांचे १३. तासाला १२० धरले तर १,५६०. इथे तुमचे स्वतःचे तास सुद्धा धरायचे! "मी तर घरचीच" असं म्हणून कितीतरी ताया स्वतःला शून्य पगार देतात आणि मग सहा महिन्यांनी म्हणतात की धंद्यात काही उरत नाही. तुम्ही आजारी पडलात आणि तुमच्या जागी दुसरं कोणी पाठवावं लागलं तर तो पैसे मागणारच ना, मग तेवढे पैसे आजच धरा.

गाडी दोन फेऱ्या, ७००. स्टँड, पडदा आणि निऑन या आपल्या वस्तू असल्या तरी त्यांची झीज असते: स्टँड चार हजाराचा, पंचवीस कामं टिकला तर कामाला १६०, निऑन अडीच हजाराचा, पंधरा कामं चालला तर साधारण १६५, पडद्याची धुलाई इस्त्री ७५. म्हणजे ४००.

एकूण ३,५१०. यावर पंधरा टक्के वरखर्च, म्हणजे फोन, जाहिरात, घरातली सामानाची खोली, न झालेल्या कामांसाठी केलेली चर्चा. झाले ४,०३७. आणि विक्रीवर पंचवीस टक्के नफा पाहिजे असेल तर ४,०३७ भागिले ०.७५, म्हणजे ५,३८३. कोटेशन ५,४००.

आता हेच गार्लंड सहा फुटांचं करा. मटेरियल निम्मं होतं, ४३०. भरायचा वेळ निम्मा, लावायला सव्वा तास, पण प्रवास तोच, उतरवणं आणि चढवणं मिळून फार तर तासावर येतं, दोघांचे ९ तास, १,०८०. गाडी ७००, स्टँड-निऑन ४००. वरखर्च आणि नफा धरून ४,००० च्या आसपास. म्हणजे फुगे निम्मे झाले तरी रेट १,४०० च कमी झाला. क्लायंटला हे पटवून द्यायची गरज नाही, पण तुम्हाला स्वतःला पटलेलं पाहिजे, नाहीतर "अर्ध्याचे अर्धे पैसे" या वाक्याला तुम्ही हो म्हणून बसाल. मी म्हणूनच मिनिमम ऑर्डर ठेवलीय, त्याच्या खालचं काम घेत नाही.

पंचवीस टक्के नफा म्हणजे खर्चावर पंचवीस टक्के टाकायचे ना?

नाही. ४,०३७ वर पंचवीस टक्के टाकलेत तर ५,०४६ होतात आणि त्यात तुमचा नफा विक्रीच्या वीस टक्केच पडतो. विक्रीवर पंचवीस हवे असतील तर भागिले ०.७५ करायचं. तीस हवे असतील तर भागिले ०.७०. फोनच्या कॅलक्युलेटरवर दोन सेकंदाचं काम आहे, पण वर्षभराच्या कामांवर हा फरक खूप मोठा होतो.

दहा टक्के डिस्काउंट मागतात, देऊ का?

वरच्याच उदाहरणात बघा. ५,४०० वर दहा टक्के म्हणजे ५४०. तुमचा नफा होता १,३६३. म्हणजे क्लायंटला दहा टक्के सूट मिळाली आणि तुमचा नफा चाळीस टक्के गेला. खर्च काही कमी झाला नाही, पोरं तेवढेच तास राबली.

मी पैसे कमी करायचे असतील तर काम कमी करते. "ताई, पाच हजारात बसवायचं असेल तर निऑन काढू आणि साधं कटआउट लावू" किंवा "आम्ही लावून देतो, उतरवायचं तुम्ही बघा". हे दुसरं सोसायटीच्या कामात चांगलं चालतं, रात्रीची फेरी वाचते. पण लक्षात ठेवा, आपला स्टँड तिथे राहत असेल तर दुसऱ्या दिवशी जावंच लागतं, मग वाचलं काय? ही सवलत भिंतीवर हुक लावून केलेल्या कामालाच द्यायची.

क्लायंट इंटरनेटवरचा फोटो पाठवतो आणि म्हणतो "सेम टू सेम". मग?

फोटोतला माणूस किंवा दार शोधा. दार साधारण सात फूट असतं, त्यावरून गार्लंडची लांबी आणि जाडी काढा. बऱ्याच फोटोंमधली डेकोरेशनं हजार-दीड हजार फुग्यांची असतात आणि क्लायंटच्या डोक्यात बजेट असतं आठ हजार. त्यात ते रंग. एकात एक घालून डबल फुगवलेला फुगा असतो, म्हणजे आत एक रंग आणि बाहेर दुसरा, त्याने तो धुरकट मातकट शेड येतो. तिथे फुगे दुप्पट लागतात आणि भरायला वेळ दुपटीहून जास्त लागतो. फोटो बघून "हो होऊन जाईल" म्हणायच्या आधी झूम करून हे बघा.

मी दोन रेट पाठवते, एक फोटोसारखं हुबेहूब आणि एक त्याच रंगसंगतीत त्यांच्या बजेटमध्ये बसणारं, आणि दुसऱ्यासोबत माझ्याच जुन्या कामाचा फोटो. "सेम टू सेम" हा शब्द मी कधीच लिहून देत नाही, "याच रंगात, याच पद्धतीचं" असं लिहिते.

हेलियमच्या फुग्यांचे एवढे पैसे का?

कारण हेलियम आपल्याकडे जवळपास सगळा बाहेरून येतो. तो नैसर्गिक वायूच्या विहिरींमधून वेगळा काढावा लागतो, आणि मोठं उत्पादन अमेरिका आणि कतारमध्ये आहे. २०१७ साली कतारच्या शेजाऱ्यांनी नाकेबंदी केली तेव्हा तिथले हेलियम प्लांट काही काळ बंद पडले होते. तिकडे काही झालं की इकडे आपल्या सिलेंडरचा भाव हलतो, म्हणून हेलियमचा रेट कधीही मागच्या वर्षीच्या बिलावरून देऊ नका, त्या आठवड्यात सप्लायरला फोन करूनच द्या.

हिशोब असा. ११ इंची एका फुग्याला साधारण अर्धा घनफूट गॅस लागतो. मोठ्या सिलेंडरमध्ये ७ घनमीटरच्या आसपास गॅस असतो, कागदावर ४९० फुगे होतात, प्रत्यक्षात गळती, फुटलेले, जास्त भरलेले धरून मी ४०० च मोजते. सिलेंडरचा दर भागिले ४००, त्यात फुगा, रिबीन, वजन, आणि सिलेंडरचं भाडं आणि ने-आण. सिलेंडर पन्नास-साठ किलोचा असतो, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर तो चढवायला दोन माणसं लागतात, ही हमाली धरायला लोक विसरतात.

आणि वेळ. ११ इंची लॅटेक्स फुगा हेलियमवर बारा ते वीस तास तरंगतो, उकाड्यात त्याहून कमी. रात्री भरून ठेवला तर संध्याकाळच्या पार्टीला मान टाकतो. म्हणजे भरायचं काम त्याच दिवशी, त्यामुळे माणसं जास्त लागतात, त्यामुळे रेट जास्त. आतून लावायचा जेल मिळतो त्याने जास्त दिवस टिकतो, पण प्रत्येक फुग्यात जेल घालायचा वेळ धरा.

छताला फुगे हवेत आणि बजेट नाही, तर हवेचेच फुगे ग्लू डॉटने छताला चिकटवून खाली रिबीन सोडा. खालून बघणाऱ्याला फार फरक दिसत नाही, पण आधी हॉलवाल्याला विचारा, पीओपीच्या छताचा रंग निघाला तर भरपाई आपल्याकडून घेतात.

क्लायंट म्हणतो तो रस्त्यावरचा गॅसवाला खूप स्वस्तात भरून देतो?

त्यात बहुतेक वेळा हायड्रोजन असतो. हायड्रोजन पेट घेतो. केकवरची मेणबत्ती, फटाक्यासारखी ती स्पार्कल कँडल, जवळ लहान मुलं, असं वातावरण असतं आपल्याकडे. या कामाला रेटच नाही, नाही म्हणायचं. काम गेलं तरी चालेल. क्लायंट स्वतः आणतो म्हणाला तरी माझ्या डेकोरेशनच्या जवळ ते फुगे लावू देत नाही, हे मी आधीच लिहून देते.

टेरेस किंवा लॉनवरच्या कामाला जास्त रेट लावायचा का?

लावायचाच. उन्हाने हवा प्रसरण पावते. २४ अंशाच्या एसी खोलीत भरलेला फुगा ४० अंशाच्या टेरेसवर नेला तर नुसत्या तापमानाने पाच टक्क्यांच्या वर फुगतो, आणि थेट ऊन पडलं की गडद रंगाचा फुगा त्याहून कितीतरी तापतो. एप्रिल-मे मध्ये पुण्यात दुपारी तीनला काळा-सोनेरी थीमची कमान उन्हात उभी केली तर पटापट फुटायला लागते. उपाय एकच, १० इंची फुगा ८ इंचच भरायचा. आता हे रेटमध्ये कसं येतं बघा: फुगा लहान झाला की फुटाला आठ ऐवजी नऊ लागतात, २४ फुटाला १९२ चे २१६ होतात, वर फुटतील म्हणून वीस टक्के जास्तीचे न्यायचे, आणि कार्यक्रम संपेपर्यंत एक माणूस दुरुस्तीला थांबवायचा. त्या माणसाचे तास हा सगळ्यात मोठा वाढीव खर्च.

लॅटेक्सची चमक सुद्धा उन्हात एक-दोन तासात उतरते, वर मखमलीसारखा मळकट थर दिसतो. फुगे खराब नसतात, रबर हवेशी असंच वागतं, पण क्लायंटला वाटतं जुना माल आणला. फोटो काढायच्या वेळेच्या जवळ सेटअप संपवायचा आणि हे आधी सांगून ठेवायचं. लॉनवर गवताची टोकं फुगे फोडतात, खाली कापड किंवा मॅट अंथरायची. वाऱ्यासाठी लोखंडी फ्रेम आणि वाळूच्या पिशव्या. पावसाळ्यात ओपन लॉनचं काम मी छत असल्याशिवाय घेत नाही.

मॉलचं किंवा मोठ्या शोरूमचं काम पहिल्यांदाच आलंय, काय काय धरू?

मॉलमध्ये काम रात्री. गिऱ्हाईक गेल्यावर आत सोडतात आणि सकाळी उघडायच्या आत सगळं स्वच्छ पाहिजे. त्याआधी गेट पास, पोरांची नावं आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स, कुठे कुठे सिक्युरिटी डिपॉझिट. उंचीवर काम असेल तर घोड्यावर (घडीच्या शिडीवर) चढून भागत नाही, परांची किंवा सिझर लिफ्ट लागते, सेफ्टी बेल्ट आणि हेल्मेट लागतं, आणि त्याचं भाडं शिफ्टवर असतं. हे भाडं कोण देणार हे कोटेशनच्या पहिल्या पानावर यायला हवं.

फुगे तिथे भरायचे की भरून न्यायचे, हा दुसरा प्रश्न. छोट्या हत्ती टेम्पोला ताडपत्री बांधून पाच फूट उंचीपर्यंत भरलात तर ९ इंची भरलेले चारशे-पाचशे फुगे जेमतेम बसतात. म्हणजे दोन हजार फुग्यांच्या कामाला चार-पाच फेऱ्या. त्यापेक्षा पंप आणि माणसं आत नेऊन तिथेच भरलेलं परवडतं, फक्त लाईटचा पॉइंट मिळणार का आणि पंपाच्या आवाजाला परवानगी आहे का ते आधी विचारा. सरावातला माणूस दोन नोझलच्या पंपावर जोड्या बांधत तासाला दीडशे-दोनशे फुगे करतो. दोन हजार फुगे म्हणजे दहा ते तेरा माणूस-तास, ते पण फक्त भरायचे. तुमच्या पोरांचा वेग एकदा घड्याळ लावून मोजून ठेवा, हा आकडा पुढे प्रत्येक कामाला उपयोगी येतो.

आणि रात्रपाळीचे पैसे दिवसापेक्षा जास्त द्यायचे, कृपा करून. रात्री अकरा ते सकाळी सहा पोरं उभी असतात, बोटांना फुगे बांधून बांधून चिरा पडतात, मध्ये चहा नाही की बसायला जागा नाही. जेवण, चहा आणि घरी जायची रिक्षा हे तिन्ही रेटमध्ये धरा. जी पोरं आपल्यासाठी जागतात त्यांच्या मजुरीतून सूट देऊन काम मिळवायचं हे मला मान्यच नाही.

हॉलवाले बाहेरच्या डेकोरेटरचे वेगळे पैसे मागतात, ते कुणी भरायचे?

त्याला रॉयल्टी म्हणतात, काही हॉल घेतात, काही नाही. क्लायंटला आधीच विचारायला सांगा आणि "हॉलची रॉयल्टी, पार्किंग, लाईटचे चार्जेस क्लायंटकडे" अशी ओळ टाका. तेव्हाच हे पण विचारून घ्या की हॉल आपल्या ताब्यात किती वाजता मिळणार. आधीचं लग्न चारला संपणार आणि आपली पार्टी सातला, असं असेल तर दोनच्या जागी चार माणसं न्यावी लागतात आणि रेट बदलतो.

अॅडव्हान्स किती घ्यायचा? काम कॅन्सल झालं तर?

निम्मा बुकिंगला, उरलेला सेटअप पूर्ण झाल्यावर, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी. कार्यक्रमानंतर कोणीच फोन उचलत नाही. अॅडव्हान्स आल्याशिवाय तारीख पक्की धरू नका, आणि हे गोड शब्दात पण स्पष्ट सांगा.

कॅन्सल झालं तर मी बघते की माझं काय गेलं. न भरलेले साधे फुगे दुसरीकडे वापरता येतात. नाव घातलेलं कटआउट, खास मागवलेला रंग, हे वाया जातं, ते कापून घेते. दोन दिवस आधी कॅन्सल केलं तर अॅडव्हान्स परत नाही, कारण ती तारीख दुसऱ्याला नाही म्हटलेली असते. घरात कुणी गेलं असेल तर मात्र तारीख बदलून देते, पैसे पुढच्या कामात धरते. तिथे नियम दाखवायचा नसतो.

जीएसटी लावायचा का?

सेवेच्या धंद्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखाच्या वर गेली की रजिस्ट्रेशन घ्यावं लागतं. रजिस्ट्रेशन नसेल तर बिलावर जीएसटी लावताच येत नाही. असेल तर इव्हेंट डेकोरेशनच्या सेवेवर १८ टक्के, आणि कोटेशनमध्ये "जीएसटी वेगळा" असं स्पष्ट लिहा नाहीतर ते तुमच्या खिशातून जातात. कंपनीचं काम असेल तर एका बिलाला ३०,००० च्या वर किंवा वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की ते टीडीएस (बिलातूनच आधी कापलेला आयकर) कापतात, एकट्याच्या नावावर धंदा असेल तर १ टक्का. पैसे बुडाले असं समजू नका, रिटर्न भरताना ते तुमच्या खात्यावर दिसतात.

कंपनी काम झाल्यावर तीन-तीन महिने पैसे देत नाही. काय करता येतं?

उद्यम रजिस्ट्रेशन (सरकारकडे लघुउद्योग म्हणून नोंद) करून घ्या, फुकट आहे, ऑनलाईन होतं. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात, नंतर व्याज लागू होतं. बिलावर तुमचा उद्यम नंबर छापा. नुसत्या त्या नंबराने सुद्धा अकाउंट्स डिपार्टमेंट जरा लवकर हलतं, असा माझा अनुभव आहे. तरीही मोठ्या कंपनीला रेट देताना पैसे अडकणार हे धरूनच द्या, कारण पोरांची मजुरी त्याच सकाळी द्यायची असते.

सीझनमध्ये रेट वाढवणं बरोबर आहे का?

३१ डिसेंबरला, मोठ्या लग्नतिथींना, पाडवा-दसरा-अक्षय्य तृतीयेला शोरूम ओपनिंगच्या गर्दीत माणसं मिळत नाहीत, गाडीवाला दुप्पट मागतो. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आधी केशरी, पांढरा, हिरवा फुगा मार्केटमध्ये संपतो. तुमचा खर्च वाढलाय तर रेट वाढणारच, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. तिरंग्याचे फुगे मी महिनाभर आधी बोहरी आळीतून उचलून ठेवते. जास्त आधी पण नको, उष्ण जागी पडून राहिलेलं लॅटेक्स कमकुवत होतं. पितृपक्षात कामं कमी असतात तेव्हा स्टँडची वेल्डिंग, पडद्यांची धुलाई ही कामं काढायची, रेट पाडून कामं ओढायची नाहीत.

शेजारचा मुलगा हेच दोन हजारात करतो. मी काय करू?

त्याला आधी बघा की तो काय देतोय. बऱ्याचदा फुगे पातळ असतात, उतरवणं धरलेलं नसतं, किंवा तो अजून स्वतःचे तास मोजायला शिकलेला नसतो. त्याच्याशी रेटची स्पर्धा करून तुम्ही दोघंही थकाल. ज्यांना दोन हजाराचंच हवंय त्यांना ते मिळू दे. तुम्ही तुमच्या कामाचे जवळून काढलेले फोटो दाखवा, फुगे एकसारखे आहेत, गाठी दिसत नाहीत, मागचा स्टँड झाकलाय, तारा लोंबत नाहीत. चांगलं काम ओळखणारे लोक असतात आणि ते परत येतात.

नातेवाईकांकडून पैसे घ्यायचे का?

सख्ख्या भाचीचं बारसं असेल तर मी माझे तास सोडते, नफा सोडते. पोरांची मजुरी, गाडी आणि मटेरियल सोडत नाही, आणि हे त्या घरच्यांना आधी फोनवर सांगते. चुलत-मावस, सोसायटीतल्या मैत्रिणी, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक यांना नेहमीचाच रेट, वर एखादा फॉइलचा आकडा (अंकाच्या आकाराचा फुगा) भेट म्हणून. भेट दिलेली लोकांना आवडते आणि रेट मोडत नाही.

थर्माकोलचं नाव आणि काडीवरचे फुगे मागतात, देऊ का?

नाही. १ जुलै २०२२ पासून देशभरात फुग्याच्या प्लॅस्टिक काड्या आणि सजावटीचा थर्माकोल दोन्ही बंद आहेत, महाराष्ट्रात तर थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासूनच बंदी आली. नाव एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) किंवा जाड पुठ्ठ्यात कापून घ्या. एमडीएफ महाग पडतं पण अंकांचे कटआउट एकदा केले की भाड्याने फिरवता येतात, त्यामुळे नावाचे पैसे वेगळे आणि अंकांचे भाडं वेगळं असं लावा. मुलांच्या हातात द्यायला कागदी काडी मिळते, ती नगामागे थोडी महाग आहे, तेवढी रेटमध्ये टाका. आणि फुटलेल्या रबराचे तुकडे उतरवताना झाडून पिशवीत भरून न्यायचे, रांगणारं बाळ असलेल्या घरात तर नक्कीच. तो पाऊण तास सुद्धा मजुरीत धरलेला असू द्या.